सेबुआनोतील विजय आणि यशाचे शब्द : मूळ शब्दापासून इंग्रजी अर्थापर्यंत जाण्याचा क्रम

फिलिपिन्समधील सेबू किंवा दावाओ येथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले मराठी विद्यार्थी आणि फिलिपिनी सहकाऱ्यांबरोबर काम करणारी मंडळी तेथील सेबुआनो भाषेतील शब्द जमवू लागतात, तेव्हा बहुधा इंग्रजीकडून सुरुवात करतात. डाव्या रकान्यात 'विन', 'व्हिक्टरी', 'सक्सेस' असे शब्द लिहायचे आणि त्यांच्यासमोर जो सेबुआनो शब्द सापडेल तो उतरवायचा, अशी ही पद्धत असते. तिच्यामुळे टागालोग या तेथील दुसऱ्या भाषेचे शब्द सेबुआनो म्हणून वहीत शिरतात, एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे दोन वेगळे शब्द वाटू लागतात आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीने जणू एखाद्या शत्रूला हरवले आहे, अशी वाक्ये तयार होतात. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे : आधी मूळ शब्द, मग त्याची रूपे, त्यानंतर वाक्यातील छोटे शब्द आणि इंग्रजी अर्थ सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तयारी

एका वहीत पाच रकाने आखावेत : मूळ शब्द, सापडलेले रूप, पूर्ण वाक्य, मराठी अर्थ आणि इंग्रजी अर्थ. वाक्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा, कारण सुटा शब्द लिहून ठेवल्यास त्याचा अर्थ पुढे तपासता येत नाही. इंग्रजीचा रकाना पाचव्या टप्प्यापर्यंत कोराच राहू द्यावा.

जवळ एक चांगला शब्दकोश असावा. जॉन वुल्फ यांचा १९७२ साली प्रसिद्ध झालेला सेबुआनो-इंग्रजी शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य मिळतो आणि या कामाला तो पुरेसा आहे. मात्र तो वापरण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे त्यात शब्द मूळ रूपाखाली लावलेले आहेत, त्यामुळे 'मी', 'नाका', 'का' अशा उपसर्गांपासून शोध घेऊ नये. दुसरी म्हणजे त्यातील नोंदींमध्ये आ, इ आणि उ हे तीनच स्वर वापरले आहेत. रोजच्या लिखाणात जिथे 'ओ' दिसतो, तिथे त्या कोशात 'उ' शोधावा लागतो, आणि अनेक जण शब्द कोशात नाही असे समजून पुस्तक मिटतात ते याच ठिकाणी.

देवनागरीत उतरवताना एक नियम ठरवून घ्यावा. सेबुआनोतला 'ए' हा रोमन अक्षराचा स्वर नेहमी 'आ' असाच लिहावा, म्हणजे मराठी सवयीने शेवटचा किंवा मधला स्वर गिळला जाणार नाही. 'डी' आणि 'टी' या अक्षरांसाठी द आणि त वापरावेत, ड आणि ट नव्हे. शब्दाच्या मध्ये जोडरेघ दिसली, तर ती सजावट नसून घशात क्षणभर थांबण्याची खूण आहे. 'काब-ओत' हा शब्द 'काबोत' असा सलग वाचला, तर ऐकणारा गोंधळतो.

पहिला टप्पा : शेजारच्या भाषांचे शब्द बाजूला काढणे

इंटरनेटवरील अनेक याद्यांमध्ये 'तागुम्पाय' हा शब्द 'सक्सेस'चा सेबुआनो अर्थ म्हणून दिलेला असतो. तो टागालोग शब्द आहे. 'पानालो', 'नानालो', 'वागी' आणि पराभवासाठीचा 'तालो' हेही टागालोगच आहेत. सेबूमधील लोकांना ते कळतात, कारण टागालोगवर आधारलेली फिलिपिनो भाषा शाळेत आणि दूरचित्रवाणीवर असतेच. परंतु ते सेबुआनो नव्हेत, आणि सेबुआनो शिकत असल्याचे सांगून हे शब्द वापरल्यास समोरच्याला ते खटकतात.

हिलिगायनोनचा सापळा अधिक फसवा आहे, कारण ती सेबुआनोची जवळची नातलग आहे आणि 'दाओग' हा मूळ शब्द दोघींतही आढळतो. 'कादालाग-आन' म्हणजे विजय आणि 'मादिनालाग-ओन' म्हणजे यशस्वी हे शब्द दिसले, तर ते इलोइलो-बाकोलोदकडचे समजून बाजूला ठेवावेत.

*पडताळणी :* शब्द ज्या वाक्यात सापडला त्यातील नकार पाहावा. 'दिली' असेल तर वाक्य सेबुआनो असण्याचा संभव मोठा. 'हिंदी' असे दिसले तर ते हिंदी भाषेचे नाव नसून टागालोगमधील 'नाही' आहे. हिलिगायनोनमध्ये त्या जागी 'इंदी' येते.

दुसरा टप्पा : सर्व स्पेलिंगे एकाच मूळ शब्दाखाली आणणे

सेबुआनोच्या मूळ उच्चारव्यवस्थेत ओ आणि उ हे अर्थभेद करणारे वेगळे स्वर नाहीत, म्हणून 'दाओग' आणि 'दाउग' हा एकच शब्द आहे. माक्तान बेटाचा प्रमुख लापुलापू आणि स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या माजेलान (मॅगेलन) यांच्यात २७ एप्रिल १५२१ रोजी झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ लापुलापू शहरात होणाऱ्या उत्सवाचे नाव 'कादाउगान सा माक्तान', म्हणजे माक्तान येथील विजय, असे उ घेऊन लिहिले जाते, तर त्याच विजयाची बातमी लिहिणारा 'कादाओगान' असे ओ घेऊन लिहू शकतो. दोन्ही लिहिणारे बरोबर आहेत. वहीत मात्र दोन्हींसाठी एकच ओळ असावी आणि पर्यायी स्पेलिंग तिथेच बाजूला नोंदवावे.

मूळ शब्दाला प्रत्यय लागला की शेवटच्या अक्षरातील ओ बहुधा उ होतो : 'लाम्पोस'चे 'कालाम्पुसान' होते. मूळ शब्द स्वरान्त असेल, तर मध्ये ह येऊ शकतो : 'पिल्दी'चे 'कापिल्दिहान' होते. हे बदल नियमित आहेत, त्यांना अपवाद समजून पाठ करत बसू नये.

तिसरा टप्पा : 'कोणावर?' हा प्रश्न विचारणे

संपूर्ण कामाचा गाभा या टप्प्यात आहे, म्हणून येथे वेळ द्यावा. मराठीत 'यश' हा शब्द फार ऐसपैस आहे : निवडणुकीत यश, परीक्षेत यश, शस्त्रक्रियेत यश आणि संघाला मिळालेले यश असे सर्व काही आपण एका शब्दात बसवतो. सेबुआनोत तसे चालत नाही. मूळ शब्द निवडण्यापूर्वी समोर कोण हरले, काय ओलांडले गेले की केवळ काम तडीस गेले, हे ठरवावे लागते.

*दाओग.* स्पर्धा, सामना, निवडणूक, सोडत यांत जिंकणे. दुसरे कोणीतरी हरलेले आहे किंवा निदान बक्षीस त्याला मिळालेले नाही, हे या शब्दात गृहीत असते. यावरूनच 'कादाओगान' म्हणजे विजय हे नाम होते.

*बुन्तोग.* मात करणे. मराठीतील 'मात' हाच याचा सर्वांत जवळचा शब्द आहे, कारण आपण जशी प्रतिस्पर्ध्यावर मात करतो तशीच अडचणींवर आणि आजारावरही करतो, आणि बुन्तोगचीही व्याप्ती तितकीच आहे. इंग्रजीत यासाठी 'डिफीट', 'कॉन्कर' आणि 'ओव्हरकम' असे तीन वेगळे शब्द लागतात. म्हणूनच इंग्रजीतून शिकणारा हा एक शब्द तीनदा पाठ करतो आणि मराठीतून शिकणाऱ्याला तो एकदाच पुरतो.

*लाम्पोस.* हाती घेतलेले काम तडीस जाणे, सफल होणे. येथे कोणी हरलेले नाही. 'कालाम्पुसान' म्हणजे यश किंवा सफलता, 'मालाम्पुसोन' म्हणजे यशस्वी. यशस्वी शस्त्रक्रियेसाठी 'मालाम्पुसोन' म्हणावे. तेथे दाओगचे रूप वापरले, तर डॉक्टरांनी कोणाशी तरी स्पर्धा केल्यासारखे वाटते.

*काब-ओत.* हात पोचणे, गाठणे. स्वप्न, पदवी किंवा ठरवलेले उद्दिष्ट यांच्यासाठी 'नाकाब-ओत' हे रूप येते. परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी मात्र स्पॅनिशमधून आलेला 'पासार' आहे आणि त्याचे 'नाकापासार' होते. दाओग नको आणि लाम्पोसही नको.

*उस्वाग* आणि *लाम्बो.* पुढे जाणे, भरभराटीस येणे. 'काउस्वागान' म्हणजे प्रगती किंवा समृद्धी. कागायान दे ओरो शहरातील एका बारांगायचे, म्हणजे वस्तीपातळीवरील प्रशासकीय घटकाचे, आणि लानाओ देल नोर्ते प्रांतातील एका नगरपालिकेचे नाव तेच आहे. याद्यांमध्ये हे शब्द 'सक्सेस'खाली टाकलेले असतात, पण एका दिवसाच्या यशाला काउस्वागान म्हणत नाहीत. त्यात काळ लोटावा लागतो.

> सावधान : दाओगची द्विरुक्ती करू नये. 'दाउगदाउग' म्हणजे पुन्हा पुन्हा जिंकणे नव्हे. त्याचा अर्थ दुर्बळाला दडपणे, छळणे असा आहे, आणि इंग्रजीत 'ऑप्रेस' किंवा 'बुली' होतो. विजयाच्या अभिनंदनात हे रूप चुकून आले, तर वाक्य आरोपाचे होते.

चौथा टप्पा : रूपे आणि वाक्यातील छोटे शब्द

मूळ शब्द ठरल्यावर रूपे पुढील क्रमाने भरावीत.

१. घडलेली गोष्ट : 'मिदाओग' किंवा बोलण्यात 'निदाओग', म्हणजे जिंकला, जिंकली.

२. न घडलेली किंवा पुढे घडणारी : 'मोदाओग', म्हणजे जिंकेल.

३. जमले, साधले अशी छटा : 'नाकादाओग', म्हणजे जिंकता आले, आणि 'माकादाओग', म्हणजे जिंकू शकेल. 'कोण जिंकले?' या अर्थाने 'किन्साय नाकादाओग?' असे सर्रास विचारले जाते, तेव्हा ही छटा दरवेळी मराठीत आणण्याचा हट्ट धरू नये.

४. ज्याच्यावर क्रिया झाली त्याला पुढे आणणारे रूप : 'गिदाओग', 'गिबुन्तोग'.

५. क्रियेचे नाव आणि परिणामाचे नाव : 'पागदाओग' म्हणजे जिंकणे, 'कादाओगान' म्हणजे विजय. 'पागबुन्तोग' म्हणजे मात करणे.

६. जिंकणारी व्यक्ती : 'मानानाओग', म्हणजे विजेता. येथे मूळ शब्दातील द नाहीसा होऊन न येतो, त्यामुळे कोशात हा शब्द न अक्षराखाली शोधू नये. यातील एक 'ना' गळला, तर 'मानाओग' उरते आणि त्याचा अर्थ खाली उतरणे असा होतो.

नकाराच्या बाबतीत जवळपास प्रत्येक नवशिका एकच चूक करतो. 'वाला' हा नकार घडून गेलेल्या गोष्टीसाठी असतो, पण त्याच्यानंतर क्रियापद न घडलेल्या रूपात येते. म्हणून 'वाला सिया मोदाओग' म्हणजे तो जिंकला नाही, आणि 'दिली सिया मोदाओग' म्हणजे तो जिंकणार नाही. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. काळ ठरवतो तो नकाराचा शब्द. वाक्यात 'मो' दिसला म्हणून भविष्यकाळ लिहून मोकळे होणाऱ्याच्या हातून कालच्या पराभवाची बातमी उद्याचे भाकीत बनते.

पराभवाचा शब्द याच टप्प्यात घ्यावा, कारण त्याच्याशिवाय विजयाची बातमी नीट वाचता येत नाही. 'पिल्दी' हा स्पॅनिशमधून आलेला मूळ शब्द आहे. 'नापिल्दी' म्हणजे हरला आणि 'गिपिल्दी' म्हणजे हरवले. मराठीत हरणे आणि हरवणे यांत जे नाते आहे तेच येथे आहे. कोशात 'लूज' एवढाच अर्थ पाहून जो पुढे जातो, त्याला 'गिपिल्दी' असलेल्या वाक्यात विजेताच पराभूत दिसतो. सामना बरोबरीत सुटल्यास 'ताब्ला' म्हणतात.

आता 'नी' आणि 'सी' पाहावेत. 'गिबुन्तोग नी लापुलापू सी माजेलान' या वाक्याचा अर्थ लापुलापूने माजेलानवर मात केली, असा आहे. येथे 'नी' हा कर्त्याच्या नावाआधी येतो आणि काम मराठीतील 'ने' या प्रत्ययासारखे करतो. आवाजही जवळचा असल्यामुळे आपल्याला तो लक्षात ठेवणे सोपे जाते. एवढेच की आपला 'ने' नावामागून येतो आणि त्यांचा 'नी' नावापुढे. मात्र नामाबरोबर आला की तोच 'नी' षष्ठीचे काम करतो : 'कादाओगान नी लापुलापू' म्हणजे लापुलापूचा विजय. त्यामुळे आधी क्रियापद आहे की नाम, हे पाहून मगच 'नी'चा अर्थ लावावा. 'मिबुन्तोग सी लापुलापू काङ माजेलान' असे वाक्य आले, तर घटना तीच राहते, पण कर्त्यापुढे 'सी' येतो आणि हरलेल्यापुढे 'काङ'. माणसाचे नाव नसेल तेव्हा 'नी'च्या जागी 'सा' येतो आणि 'सी'च्या जागी 'आङ'.

दाओगबरोबर येणारे तीन छोटे शब्दही वेगळे ओळखावेत. 'मिदाओग सा एलेक्स्योन' यातील 'सा' स्पर्धेचे ठिकाण दाखवतो, म्हणजे निवडणुकीत जिंकला. 'नाकादाओग ओग प्रेम्यो' यातील 'ओग' मिळालेली वस्तू दाखवतो, म्हणजे बक्षीस जिंकले. 'मिदाओग बातोक सा' असे आले, तर पुढे प्रतिस्पर्धी आहे, म्हणजे त्याच्याविरुद्ध जिंकला. इंग्रजीतील 'विन' यांपैकी स्पर्धा आणि बक्षीस या दोन गोष्टी आपल्यापुढे तशाच घेऊ शकतो. सेबुआनोत तो आधार नाही.

एका जागी आपण इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या फार पुढे आहोत. मराठीत 'आमचा विजय' आणि 'आपला विजय' यांत फरक आहे : पहिल्यात ऐकणारा वगळलेला असतो, दुसऱ्यात सामील असतो. सेबुआनोत नेमका हाच भेद आहे. 'आमोङ कादाओगान' म्हणजे आमचा विजय, 'आतोङ कादाओगान' म्हणजे आपला विजय. इंग्रजीत दोन्हींचे 'अवर व्हिक्टरी' होते आणि भेद पुसला जातो. इतका महत्त्वाचा भेद आपल्या भाषेत आयता असताना तो इंग्रजीच्या वाटेने जाऊन गमावणे मला खरोखर सोसत नाही. मिरवणुकीत भाषण करणारा महापौर 'आमोङ' म्हणतो की 'आतोङ', यावर समोरची गर्दी विजयात धरली आहे की नाही ते ठरते.

*पडताळणी :* या टप्प्याच्या शेवटी वहीतील प्रत्येक वाक्यात कोण जिंकले, कोणावर, कशात आणि काय मिळाले, या चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. एखाद्याचे उत्तर वाक्यात नसेल तर जागा रिकामी ठेवावी, अंदाजाने भरू नये.

पाचवा टप्पा : इंग्रजी अर्थ लिहिणे

आता इंग्रजीचा रकाना भरावा, आणि तोही सुट्या शब्दासाठी नव्हे तर वाक्यासाठी. 'कादाओगान'ला 'व्हिक्टरी' हा अर्थ सहसा चालतो. सामन्याच्या बातमीत साधे 'विन' अधिक योग्य दिसते. 'कालाम्पुसान'साठी 'सक्सेस' घ्यावे. 'मादाओगोन' म्हणजे विजयी या विशेषणासाठी 'व्हिक्टोरियस' किंवा 'ट्रायम्फन्ट' लिहिता येते. 'हिमाया' या शब्दालाही काही जण 'व्हिक्टरी' लावतात, पण तो वैभवाचा, तेजाचा, विशेषतः प्रार्थनेतला शब्द आहे आणि त्याला 'ग्लोरी' हाच अर्थ द्यावा.

उलट्या दिशेने जाताना जास्त सांभाळावे लागते. इंग्रजीतील 'सक्सेसफुल कँडिडेट' हा निवडणुकीतील असेल तर सेबुआनोत दाओगचे रूप हवे, परीक्षेतील असेल तर पासारचे, आणि दोन्ही ठिकाणी 'मालाम्पुसोन' चुकीचे ठरते, जरी कोशात त्याच्यासमोर 'सक्सेसफुल' असेच छापलेले असले तरी. 'मालाम्पुसोङ नेगोस्यान्ते' म्हणजे यशस्वी व्यावसायिक मात्र अगदी योग्य आहे.

सहावा टप्पा : कोठे काय बोलावे

'कालाम्पुसान' आणि 'काउस्वागान' हे लेखी, भाषणातले, फलकावरचे शब्द आहेत. शेजारच्या बाईंचा मुलगा परदेशी नोकरीला लागून घर बांधतो, तेव्हा गप्पांमध्ये 'आसेन्सो' हा शब्द येतो आणि त्या मुलाला 'आसेन्सादो' म्हणतात. तरुण मंडळी तर 'सक्सेसफुल काआयो' असे इंग्रजी विशेषणाला सेबुआनो 'फार' जोडूनही बोलतात. या बोलण्याला अशुद्ध समजून दुरुस्त करायला जाऊ नये. ऐकावे, वहीत वेगळ्या शाईने लिहावे आणि अर्जात किंवा भाषणात मात्र वापरू नये.

अभिनंदनासाठी 'पाहालिपाय' हा शब्द आहे, ज्याच्या मुळाशी आनंद या अर्थाचा 'लिपाय' आहे. 'पाहालिपाय सा इमोङ कादाओगान' म्हणजे तुझ्या विजयाबद्दल अभिनंदन. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सेबूत सिनुलोग उत्सवाची नृत्यस्पर्धा होते, तेव्हा विजेत्या पथकाला हे वाक्य शोभते. पदवी मिळालेल्या मैत्रिणीला मात्र 'कालाम्पुसान' घालून तेच वाक्य म्हणावे.

शेवटची परीक्षा

वही मिटून पुढील चार वाक्यांचा आधी मराठीत आणि मग इंग्रजीत अर्थ लिहावा.

१. 'वाला माकादाओग आङ आमोङ टीम.' येथे 'आमचा संघ जिंकू शकला नाही' असे उत्तर हवे. 'जिंकू शकणार नाही' असे आले, तर चौथ्या टप्प्यातील नकाराचा भाग पुन्हा वाचावा.

२. 'गिपिल्दी नी मारिया सी आना सा दुला.' खेळात मारियाने आनाला हरवले. नावे उलटी झाली, तर 'नी' आणि 'सी' पक्के झालेले नाहीत.

३. 'मालाम्पुसोन आङ ओपेरास्योन.' शस्त्रक्रिया यशस्वी झाली. इंग्रजीत येथे 'विन' किंवा 'व्हिक्टोरियस' लिहिले गेले असेल, तर तिसऱ्या टप्प्यातील प्रश्न विचारायचा राहिला आहे.

४. 'आतोङ कादाओगान किनी.' हा आपला विजय आहे. इंग्रजीच्या रकान्यात 'अवर व्हिक्टरी' लिहून झाल्यावर त्याखाली 'ऐकणाऱ्यासह' अशी टीप जोडावी, कारण त्या दोन इंग्रजी शब्दांतून हे वाक्य परत सेबुआनोत न्यायचे झाले, तर 'आतोङ' की 'आमोङ' हे सांगणारे दुसरे काहीही वहीत उरणार नाही.